राणी रंगाच्या थाळ्या

पन्नाशी उलटली, साखर मागे लागली, गुडघे कुरकुरायला लागले, पण माझा एक राग काही उतरला नाही. डॉक्टर म्हणतात, बाई, जुन्या गोष्टी सोडून द्या, रक्तदाब आपोआप खाली येईल. का म्हणून सोडू? ज्याने बोलायचं तो चार माणसांत बोलून मोकळा झाला, वर मजेत जेवला, घोरला, आणि सोडून मात्र मी द्यायचं! वा रे न्याय. तर हे प्रकरण त्या रागाचं आहे आणि सहा प्लॅस्टिकच्या थाळ्यांचं आहे. त्यांतली एक वाकडी झाली, पाच उरल्या. पण ते पुढे.

पेणला आमचं घर म्हणजे पुढे गणपतीचा कारखाना आणि मागे आम्ही. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर यायची ती पॉलिश पेपरची घासघास. नाकात डिंकाचा वास, केसांत पांढरी पूड, आणि तांदळाच्या भाकरीला तर खडूची चव आपसूक लागलेली. मोठी झाल्यावर दुसऱ्यांकडे जेवले तेव्हा कळलं की भाकरी तशी नसते. बाबा माती मळायचे, साचे भरायचे आणि गप्प बसायचे. कारखाना चालवायचा तो धाकटा भाऊ, आमचा बापूकाका, कारण डोळे तो काढायचा. मूर्तीचे डोळे रेखायचे त्याला आखणी म्हणतात. आखणीच्या दिवशी काका डोक्यावरून आंघोळ करून बसायचा, रेडिओ बंद, पोरं बाहेर, आणि श्वास रोखून तो एकेक बुबुळ उतरवायचा. हात होताच त्याचा तसा, ते नाकारत नाही. पण पीतांबर कुणी रंगवला, शेल्याचे काठ कुणी ओढले, शंभर मूर्तींचे चारचार हात आणि त्यांची बोटं कुणी भरली? आईने. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, बापूशेठ, काय रंग आहे! बापूशेठ हसायचे. आई आत वालाचं बिरडं ढवळत असायची.

महिन्यातले तीन दिवस मात्र आई कारखान्यात यायची नाही. बाजूला बसायची. मागच्या पडवीत तिची चटई, तिचा तांब्या, आंघोळीचं पाणी तापवायला तिचं वेगळं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि तीन विटांची चूल. कारखान्यात पाऊल टाकायचं नाही, रंगाच्या वाटीवर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. मी तेरा वर्षांची झाले तशी माझीही चटई तिथे पडायला लागली. खरं सांगायचं तर तेवढीच तिची सुट्टी होती, आणि ती सुट्टीसुद्धा तिला शिक्षा म्हणून मिळायची.

मी नववीत असताना शाळेत प्रधान बाई आल्या, खेळाच्या. तोवर मुलींचा खेळ म्हणजे बाकावर बसून मुलांची कबड्डी बघणं. बाईंनी कुठून तरी ओळख काढली आणि रामवाडीतल्या एका छोट्या शेडमधून, जिथे परदेशी पाठवायला फेकायच्या थाळ्या बनत, तिथून रंग न घातलेल्या सहा पांढऱ्या थाळ्या मागून आणल्या. मऊ प्लॅस्टिकच्या, कडा खाली वळलेल्या. खेळ सोपा. थाळी हातात घेऊन पळायचं नाही, फेकायची, आणि समोरच्या हद्दीत आपल्या गड्याने झेलली की गुण. पहिल्या दिवशी माझ्या हातून थाळी सुटली ती मैदानावरून अशी सरळ, न डगमगता गेली की मी तिथेच उभी राहून हसत सुटले. आमच्या घरात मूर्ती सोडून दुसरं काही माझ्या हातून कधी पुढे सरकलं नव्हतं. महिन्याभरात आम्ही अकरा जणी झालो. अर्ध्या पेठेतल्या, अर्ध्या खाडीकडच्या गावांतून चालत येणाऱ्या, ज्यांचे बाप मिठागरावर होते.

अडचण एकच होती. मैदान खाडीच्या अंगाला. पलीकडे मिठागरं, मिठाचे ढीग लागायला लागलेले, वर दुपारचं पांढरंफटक आभाळ, आणि त्यात आमची थाळी पांढरी. हातातून सुटली की गायब. मग दिसायची ती एकदम नाकासमोर. एका शनिवारी ती सुगंधाच्या भुवईवर बसली. सुगंधा म्हणजे आमची सगळ्यात उंच, सगळ्यात चपळ मुलगी. भुवई फुटली, रक्त आलं, आणि ती रडण्याऐवजी ओरडत होती, "मना दिसलीच नाय गो! दिसली असती त मी सोरली असती काय?" सोमवारी तिचा बाप हेडसरांकडे आला. हेडसर या संधीची वाटच बघत होते. त्यांनी बाईंना आमच्यासमोर सुनावलं, "रोह्याच्या शाळेशी सामना ठरवून बसलात ना? तीन आठवडे आहेत. रंगीत थाळ्या आणा, नाहीतर तो सामनाही नाही आणि खेळही नाही. कपाटाला कुलूप." मुलांच्या कबड्डीत गेल्या वर्षी दोघांचे हात मोडले होते. तेव्हा कुलूप कुणाला आठवलं नाही.

मी म्हटलं, एवढंच ना! रंग म्हणजे आमच्या घरचा धंदा. थाळ्या पिशवीत घालून घरी नेल्या. काकाने एक उचलली, फिरवून बघितली आणि खूश झाला, कारण नवीन काही रंगवायला त्यालाही आवडायचं. मी भीतभीत म्हटलं की काका, हे गुळगुळीत आहे, आदळणार आहे, धरेल ना? तर म्हणाला, "रंगाचं मला नको शिकवू गो. आधी व्हाइटिंगचा पांढरा हात, वर रंग, वर वॉर्निश. देवाच्या अंगावर वर्षभर टिकतो, तुझ्या थाळीवर नाय टिकणार?" आणि काय सुंदर रंगवल्या त्याने! पीतांबराचा पिवळा, कडेला लाल रेघ, मध्ये कमळ. शाळेत मुली त्या थाळ्या हातात घेऊन फेकायलाच तयार होईनात.

फेकल्या. पहिल्याच झेलीत कमळाची पाकळी सुगंधाच्या तळहाताला चिकटून आली. दहा मिनिटांत मैदानभर पिवळ्या खपल्या. आमचे हात, कपाळं, पांढरे युनिफॉर्म, सगळं पिवळं, आणि थाळ्या होत्या तशा पांढऱ्या. हेडसर व्हरांड्यात उभे राहून हसले. पोट धरून हसले.

आता नीट ऐका, कारण मुद्दा हा आहे. मी घरी येऊन खपल्या निघालेली थाळी काकासमोर ठेवली. आमच्या कुणालाच तेव्हा कळलं नव्हतं की मूर्ती रंग पिते आणि हे प्लॅस्टिक पीत नाही. त्याला नसेल कळलं, तर काही गुन्हा नव्हता. "नाय जमलं गो" एवढं म्हणाला असता तर मी तिथेच विसरले असते. पण कारखान्यात पाच कारागीर बसलेले, माझे बाबा बसलेले, आणि हा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा रंग आजवर सुटला नाय. अकरा पोरी तुम्ही. त्यात कुणी तरी तशातली शिवली असेल. रंगाला विटाळ खपत नाय."

कारागिरांनी माना खाली घातल्या. एक जण फिसकन हसला. पंधरा वर्षांची मी, कानाच्या पाळ्या पेटल्या, तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबांकडे बघितलं. बाबा माती मळत राहिले. त्या मळण्याचा आवाज मला आजही नको वाटतो. काका गेला, बाबा गेले, देव त्यांना सुखात ठेवो, पण तो आवाज मी माफ केलेला नाही.

आई पीतांबर भरत होती. तिने कुंचला वाटीवर निथळला, नीट आडवा ठेवला आणि मला मागे बोलावलं. मला वाटलं, समजूत घालणार, मोठ्या माणसांचं मनावर घेऊ नये वगैरे. ती म्हणाली, "किती दिवस राहिलेत?" मी म्हटलं, सतरा. "मग रडतेस काय? रंग शोधू." आईच्या आवाजात मी एवढा राग पहिल्यांदा ऐकला, आणि मला एकदम बरं वाटलं.

पहिली धाव पेणच्याच बाजारात. दुकानदार मोठा ऐटीत, मला म्हणतो, "प्लॅस्टिक काय नि पातळ काय, रंग तो रंग. घे ही पुडी, मूठभर मीठ टाक आणि उकळ." पेणमध्ये मिठाला काय तोटा! उकळलं. थाळीवर फिकट गुलाबी झाक आली आणि नळाखाली धरताच गटारात गेली. परत गेले तर म्हणतो, "तू चुकीचं उकळलंस." मीच चुकीचं उकळलं! म्हणजे पिवळा सुटला तो विटाळाने आणि गुलाबी सुटला तो माझ्या उकळण्याने. चूक कधी पुरुषाच्या पुडीत नसतेच.

रविवारी आई मला घेऊन एसटीने रोह्याला निघाली. कारखान्यात सांगितलं, भावाला बघून येते. मामा रोह्याजवळ धाटावला रंगाच्या कंपनीत कामाला होता. त्याच्या घरी शिरलं की पहिली ओळख पटायची ती उशांनी. मामाच्या उशीवर डोक्याचा जांभळा गोल असायचा, घामाने उतरलेला. मामी आम्हाला बघताच कपड्यांचा पिळा टाकून बाहेर आली. जवळ्याची चटणी आणि भाकरी वाढली आणि आमची हकिकत ऐकायच्या आधी तिचीच सुरू झाली. "बघा ना वन्सं, यांच्या कंपनीने माज्या कपड्यांची कशी वाट लावलीय! ही सुती बनियान, हिचा रंग दोन धुण्यात जातो. पण हा टेरिलीनचा शर्ट! डाग दिसला नाय म्हणून इस्त्री फिरवली, त असा लालभडक उठला की आता मेल्यावरच जाईल."

आई घास हातात धरून थांबली. "परत सांग गो. सुतीवरचा जातो?"

"जातो."

"आणि टेरिलीनवरचा इस्त्रीने पक्का होतो?"

"व्हय तर! दगडावर आपटून बघितला."

आईने तो शर्ट हातात घेतला आणि डागावरून अंगठा फिरवला. मग उठून मला म्हणाली, "म्हणजे हा रंग आत शिरतो, आणि त्याला आच लागते. आपण आजवर वरून लावत बसलो." मामा म्हणाला, "ताई, कंपनीतून मूठभर आणून देतो ना, डब्यात घालून." आई म्हणाली, "गेटवर तपासतात ना तुम्हाला? मग? चोरीचा रंग नको मला. विकत घेईन." पापड लाटून साठवलेले तिचे पैसे रुमालाच्या गाठीत होते. ती गाठ मी त्याआधी कधी सुटलेली पाहिली नव्हती.

मामीने बाजारातल्या इब्राहिमचाचांचं दुकान दाखवलं. उंच, पांढरी दाढी, मुलगा कुवेतला, दुकानात दोऱ्यांचे आणि साड्यांचे रंग. मी रंग मागितला आणि त्यांनी असा प्रश्न विचारला जो तोवर एकाही शहाण्याने विचारला नव्हता. "कशाला लावायचाय बेटा?" मी थाळी काढून दिली. त्यांनी ती वाकवली, वास घेतला, नखाने ओरखडली. तीन डबे उतरवले. "हा सुतीचा. हा लोकरीचा. दोन्ही यावर थुंकणार पण नाय. हा टेरिलीनचा, हा कदाचित धरेल. कदाचित म्हणतो हां, मी काय छातीठोक सांगनार नाय." मग त्यांनी थाळीच्या आतल्या कडेची ब्लेडने बारीक चिरी काढली, मागच्या स्टोव्हवर चहाचा नव्हे, एक गंजका मग ठेवला, चिमूटभर पूड टाकली आणि आम्हाला बाकावर बसवलं. गिऱ्हाइकं आली, गेली. मी मगाकडे बघत होते आणि आई माझ्याकडे. चाचांनी चिमट्याने चिरी काढली, धुतली, धोतराच्या फडक्याने घासली आणि माझ्या तळहातावर ठेवली. अबोलीपेक्षा गडद, भडक राणी रंग. घासला, चोळला, दातांनी चावला. गेला नाही.

चाचांकडे निळा होता, पिवळाही होता. मला निळा आवडला होता. आई मला रस्त्यावर घेऊन गेली, निळ्या पुडीचा कागद एका हातात, राणीचा दुसऱ्या हातात, आणि म्हणाली, "वर बघ. निळा आभाळात जाईल. पिवळा सुक्या गवतात. मिठावर आणि आभाळावर, दोन्हीवर दिसेल असा एकच." रंग कुठे बसेल ते ओळखणारी बाई होती ती, आणि तिला आयुष्यभर पीतांबर भरायला बसवलं. चाचांनी पुडी बांधताना बजावलं, "साबणाची पूड घालून कालवायचा, नायतर गुठळ्या धरतो. नाकाला फडकं बांधायचं. उघड्यावर करायचं. आणि ज्या भांड्यात कराल त्यात पुन्हा अन्न शिजवायचं नाय, जिंदगीत नाय."

आता भांडं कुठलं आणणार? आणि कारखान्याच्या हंगामात आईला सवड कुठली? परदेशी जाणाऱ्या मूर्ती निघायच्या होत्या, काका सगळ्यांच्या मानेवर बसलेला. मी पुडी ट्रंकेत ठेवून दिवस मोजत होते. सामन्याला पाच दिवस उरले तेव्हा आई सकाळी कारखान्यात गेली नाही. मागच्या पडवीत तिची चटई पडली होती. तिच्याजवळ तिचं पातेलं होतं, तीन विटांची चूल होती, आणि तीन दिवस कुणी तिकडे फिरकणार नव्हतं. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी शाळेला दांडी मारली.

पहिली थाळी फसली. आम्ही खळखळा उकळलं आणि ती भाजलेल्या पापडासारखी वाकडी होऊन वर आली. मला रडू फुटलं. आई म्हणाली, "उकळी नकोच. पापडाच्या पिठाला आधण करतो तसं. कडेला बुडबुडे धरले की जाळ ओढायचा." मग ती चुलीपाशी बसली ती उठलीच नाही. नाकाला पदर, हातात लाकडी उलथणं, एकेक थाळी पालथी, उताणी, पालथी. जाळ एक काडी सरकवायची, एक काडी ओढायची. तिसऱ्या दिवशी दुपारी पाचही थाळ्या पडवीच्या दांडीवर ओळीने लावलेल्या होत्या, आणि मागच्या भिंतीवर त्यांची गुलाबी झळ पडली होती. आईची बोटं राणी झाली होती. ती त्यांच्याकडे बघत बसली होती, हसत.

रोह्याच्या सामन्याचं फार सांगत नाही. आम्ही हरलो, एका गुणाने. पण सुगंधाने, भुवईवर ताजा वण असताना, लांबून आलेली प्रत्येक थाळी झेलली. दर झेलीला ओरडायची, "दिसली गो दिसली!" थाळ्या दगडावर आपटल्या, चिखलात पडल्या, पायाखाली आल्या. रंग जसाच्या तसा. हेडसरांना कुलूप लावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आखणी होती. दुपारी टेम्पो येणार, परदेशी जायची मोठी मूर्ती डोळ्यांवाचून पाटावर बसलेली. काका आंघोळ करून आला. पाटाजवळ माझी शाळेची पिशवी पडली होती आणि तिच्यातून एक थाळी डोकावत होती. काकाने ती उचलली. फिरवली. नखाने खरवडली. ओल्या फडक्याने पुसली. मग रॉकेलचा बोळा घेऊन घासली आणि बोळा बघितला. कोरा. शेवटी तो रंगाचाच माणूस होता, त्याचा चेहरा उजळला. कारागिरांना म्हणाला, "बघा रे, बघा! याला म्हनतात हात. कुठे एक डाग नाय, एक ओघळ नाय. कुनी तरी जाणकार हाय हा." माझ्याकडे वळला, "कुनी काढला गो हा रंग? मला भेटायचंय त्याला."

आई पिवळा कालवत होती. तिने हात थांबवला नाही. "मी काढला, भावजी," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात. बाजूला बसले होते ना, त्या तीन दिवसांत."

घासघास थांबली. बाबांचं मळणं थांबलं. काकाच्या हातात थाळी तशीच. त्याने आधी थाळीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग पाटावरच्या मूर्तीकडे. पुन्हा आंघोळीला उठला असता तर आईचा रंग खोटा ठरला नसता, पण आम्ही सगळ्या पुन्हा घाण ठरलो असतो. मी त्याच्या पायांकडे बघत होते, कुठे वळतात ते.  मग त्याने थाळी हळूच माझ्या पिशवीत ठेवली, पाटासमोर मांडी घातली आणि त्याच हाताने कुंचला उचलला. डोळे नेहमीसारखेच उतरले. केसभर इकडे तिकडे नाही.

काका चुकलो म्हणाला नाही. कधीच म्हणाला नाही, म्हणून तर माझा राग राहिला. पण पुढच्या महिन्यात मागच्या पडवीत चटई पडली नाही. आई सकाळी उठली, न्हाली, सरळ कारखान्यात जाऊन आपल्या जागी बसली. घरातल्या प्रत्येकाला दिवस ठाऊक होते. काकाने वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाला, "वहिनी, पिवळा कालवलात काय?"